दिवाळी अंकांच्या संचाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या पुस्तक-अदलाबदलीला एक तारा देऊन आपण लिहिले आहे की, फुकट म्हणून जाहिरात करून आम्ही घरपोच पाठवण्याचे १४० रुपये उकळले, टपालाने तेच २० रुपयांत आले असते आणि हाती पडले ते पिवळे कागद. आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

मात्र १४० रुपयांचा खुलासा करणे भाग आहे, कारण गिरगावातल्या एवढ्याशा दुकानावर ज्याचे घर चालते, त्याला हा आरोप मुकाट्याने ऐकून घेणे जड जाते. टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे आणि तीत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत, तर पाच किलोंपर्यंतचे १०० रुपयांत (कर वेगळा) जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तके आणि संतवाङ्मय आम्ही त्याच सेवेने पाठवतो. परंतु नियतकालिके आणि जाहिराती असलेले साहित्य तीत स्वीकारत नाहीत. आपण मागितला होता दिवाळी अंकांचा संच, आणि दिवाळी अंकात तर दर चार पानांआड सराफांच्या, बँकांच्या, मसाल्यांच्या जाहिराती असतात. त्यामुळे कुरिअरखेरीज मार्ग नव्हता. सहा जाडजूड अंक, दोन किलोंच्या वर वजन, त्यात पावसाळा, म्हणून आधी प्लास्टिक आणि वरून पुठ्ठा. कुरिअरची पावती पार्सलमध्येच ठेवली होती. तीवरचा आकडा आणि आपण दिलेली रक्कम एकच आहे. पुठ्ठा, प्लास्टिक, चिकटपट्टी यांचे पैसे आम्ही कुणालाही लावत नाही.

आपण बोरिवलीला राहता, म्हणून दुकानातून विनामूल्य नेण्याचा किंवा रविवारी दादर स्थानकाच्या पुलावर हातोहात घेण्याचा पर्याय आम्ही आधीच सुचवला होता. घरपोचच हवे असे आपण कळवलेत, आणि खर्चाचा आकडा सांगितल्यावर 'चालेल' असा आपला निरोपही आला होता.

कागदाविषयी इतकेच की, १९८०च्या दशकातले हे अंक वृत्तपत्री कागदावर छापलेले आहेत, आणि त्या कागदातले लिग्निन हे लाकडातून आलेले द्रव्य हवा व उजेड लागून पिवळे पडतेच. एकाही अंकाला कसर लागलेली नव्हती, एकही पान सुटलेले नव्हते. मुखपृष्ठांची, कण्यांची, इतकेच काय, आधीच्या वाचकाने निळ्या पेन्सिलीने अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्याच्या पानाचीही छायाचित्रे आपल्याला आधी पाठवली होती. आपण बदल्यात दिलेली जुन्या अभ्यासक्रमाची दोन गाइडे आता कुणी मागेल असे वाटत नाही, तरी देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून आम्ही ती विनातक्रार ठेवून घेतली.

अदलाबदलीतून दुकानाला एक पैसाही सुटत नाही. त्या निमित्ताने येणारा वाचक एखादे जुने पुस्तक विकत घेतो, त्यावर भाडे निघते. नव्या वाचकाला मात्र आधी आपला तो एक तारा दिसतो, याची काळजी वाटते.

पाठवणीचा खर्च वाचकाकडे असतो, ही सूचना यापुढे अधिक ठळक देऊ, बाकीही सुधारणा करूच. संच नको असल्यास परत आणून द्यावा आणि मांडणीवरचे दुसरे काहीही न्यावे. सोमवारी दुकान बंद असते. पार्सलमधली पावती एकदा पाहून अभिप्रायाचा फेरविचार करावा, ही विनंती.

आपला नम्र,
दुकानमालक, गिरगाव