'न्यूज' चार दिशांतून आलेली नाही

'नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारही दिशांकडून येते ती न्यूज!' हा मेसेज मला पुन्हा आला आहे. सोबत दोन पुरवण्या आहेत: वर्तमानपत्रं निघाली तेव्हा हा शब्द घडवला गेला, आणि शेवटचा 'एस' अनेकवचनाचा नसून साउथचा आहे. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी काळ बघा. इंग्रजीतली छापील वर्तमानपत्रं 1620च्या दशकातली. 'न्यूज' हा शब्द खबर या अर्थाने त्याच्या निदान शंभर-दीडशे वर्षं आधीपासून वापरात होता. शिवाय आद्याक्षरं जुळवून शब्द घडवण्याची रीत रुळली ती विसाव्या शतकात; रडार, लेझर ही तिची अपत्यं.

आता स्पेलिंग. जुन्या कागदपत्रांत हा शब्द 'एन-ई-डब्ल्यू-ई-एस' असाही लिहिलेला सापडतो. मग पूर्व दिशा दोनदा आली म्हणायची का? कुठे त्या दुसऱ्या 'ई'च्या जागी 'वाय' आहे. त्याला कुठली दिशा देणार? दिशांवरून शब्द बनला असता, तर लिहिणाऱ्यांनी अक्षरांशी इतकी मोकळीक घेतलीच नसती.

राहिला 'एस'. तो अनेकवचनाचाच. 'न्यू' म्हणजे नवा. त्याचं अनेकवचन 'न्यूज', म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही 'नवी' या विशेषणाचंच अनेकवचन, 'नुव्हेल', बातम्यांसाठी वापरतात. आज इंग्रजीत 'न्यूज इज' म्हणतात, त्यामुळे हे पटत नाही, पण शेक्सपिअरकडे 'धिस न्यूज' आणि 'दीज न्यूज' दोन्ही आहेत. शब्द अनेकवचनातून एकवचनाकडे सरकत होता, त्या वाटेवरच्याच या खुणा.

चार अक्षरं चार दिशांशी जुळतात हे खरं, आणि लक्षात ठेवायला युक्ती म्हणून ते छानच आहे. माझा आक्षेप तिला व्युत्पत्ती म्हणण्याला आहे, कारण तिच्यापायी खरी गोष्ट झाकली जाते, आणि ती तर आपल्या घरची आहे. इंग्रजी 'न्यू', लॅटिन 'नोव्हुस', संस्कृत 'नव' आणि आपला 'नवा' हे सगळे एकाच प्राचीन मुळाचे. भेटल्यावर आपण 'काय नवीन?' किंवा 'काय नवल-विशेष?' असं विचारतो, तेव्हा त्याच मुळाच्या शब्दाने बातमीच मागत असतो.