नवा कर्नल टाकला म्हणून एनपीयू आपोआप चालू होत नाही

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'लिनक्स कर्नलमध्ये आता एआय आलंय. ६.२ किंवा पुढचा कर्नल टाका, लॅपटॉपमधला एनपीयू आपोआप चालू होतो. ग्राफिक्स कार्डाची गरज नाही.' हिंजवडीतल्या अनुभवी मंडळींनीही तो पुढे ढकललाय, याचं जास्त नवल वाटतं.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि एनपीयू म्हणजे एआयची आकडेमोड करणारी वेगळी चिप. कर्नलमध्ये एआय बसवलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ ने एनपीयूसारख्या ॲक्सिलरेटर चिपसाठी एक स्वतंत्र चौकट दिली, तीही ग्राफिक्सच्या जुन्या डीआरएम कोडवर उभी केलेली. प्रत्येक चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा कोड, वेगळाच. इंटेलच्या एनपीयूचा 'आयव्हीपीयू' ६.३ मध्ये आला, तर एएमडीचा 'एक्सडीएनए' थेट ६.१४ मध्ये, म्हणजे २०२५ साली. एएमडीवाल्याने ६.२ टाकून वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही.

ड्रायव्हर नीट चढला तर सिस्टीमच्या 'डेव्ह' फोल्डरातल्या 'ॲक्सेल' फोल्डरात 'ॲक्सेल०' दिसतं. इथे बरेच जण खूश होऊन थांबतात. पण चिपचं फर्मवेअर (तिच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतं, वर प्रोग्रामला ती वापरू देणारी लायब्ररी लागते (इंटेलसाठी ओपनव्हिनो वगैरे), आणि मुख्य म्हणजे प्रोग्रामने काम एनपीयूकडे सोपवावं लागतं. सीपीयूवर चालणारी तुमची पायथन स्क्रिप्ट कर्नल बदलल्यावरही सीपीयूवरच चालणार.

ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर लॅपटॉपमधला एनपीयू तयार मॉडेल कमी विजेत चालवायला चांगला. प्रोजेक्टसाठी मॉडेल ट्रेन करायचं असेल तर कार्ड इतक्यात विकू नका.