डाय टाका, टॉर्च मारा, शुगर बघा? नाही हो

एक मेसेज फिरतोय: लघवीच्या नाहीतर लाळेच्या थेंबात चमकणारा डाय टाका, मोबाईलचा टॉर्च मारा, सेन्सर अ‍ॅरे (म्हणजे अनेक सेन्सरचा संच) फक्त ग्लुकोज पकडून 100% अचूक शुगर सांगतो, पण कंपन्या हे दाबून ठेवतायत. केमिस्ट्री खरी आहे, बाकी सगळी फोडणी.

"फक्त ग्लुकोज पकडतो." उलट आहे. पकडायचं काम बोरॉनिक अ‍ॅसिड नावाचं साखरेला चिकटणारं रसायन करतं, आणि त्यातल्या साध्या फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिडचा जीव फ्रुक्टोजवर, म्हणजे फळांतल्या साखरेवर, 1959 सालच्या आकड्यांत फ्रुक्टोजचा बंध ग्लुकोजच्या जवळपास 40 पट. म्हणून तर अ‍ॅरे लागतो ना! बोरॉनिक अ‍ॅसिडवाला रेणू डायला चिकटून त्याला विझवून ठेवतो, साखर आली की पकड सैल होते नि डाय पेटतो. असे चार-पाच वेगवेगळे विझवणारे घेतले की एकात डाय भसकन पेटतो, दुसऱ्यात जेमतेम, आणि त्या सगळ्या पॅटर्नवरून साखर ओळखायची. ओळखणारं गणित मात्र आधी शिकवलेलं असतं, न शिकवलेली साखर दिली तर नेहमीच्या पद्धतीत ते "माहीत नाही" म्हणतच नाही, सगळ्यात जवळचं नाव ठोकून देतं. झाली तुमची 100% अचूकता.

लघवी? ग्लुकोज साधारणपणे रक्तात 180 च्या वर गेल्यावर लघवीत उतरतं, म्हणजे 60 असो की 140, डाय गप्पच, आणि शुगर घसरलेल्या 60 वाल्यालाच तर तातडीने कळायला हवं. त्यात एचपीटीएस हा यात नेहमी वापरतात तो डाय पीएचवरही, म्हणजे आंबटपणावरही, कमीजास्त चमकतो. लघवीचा पीएच 4.5 ते 8 कुठेही असतो म्हणून लॅबमध्ये आधी बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून 7.4 ला आणतात, तुम्ही नुसता थेंब टाकला तर मोजलात काय, साखर की आंबटपणा? लाळेत तर मगाशी खाल्लेलंच असतं, सोडा.

टॉर्चचं पण तेच. डाय 460 नॅनोमीटरचा निळा प्रकाश घेऊन 510 चा हिरवा देतो, आणि टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात हिरवा आधीच मिसळलेला, फिल्टर नसेल तर वेगळं काय दिसणार.

आणि दाबून कुठे ठेवलंय? बोरॉनिक अ‍ॅसिडवाल्या फ्लुरोसंट (चमकणाऱ्या) पॉलिमरवर चालणाऱ्या एव्हरसेन्स या ग्लुकोज सेन्सरला अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्येच मंजुरी दिली. पण तो अ‍ॅरे नाही, एकच सेन्सर, आणि तो दंडाच्या कातडीखाली बसवतात. अ‍ॅरेवाल्यांचा लघवीतला उद्योग वेगळाच, लॅक्टुलोजसारखी शरीर न वापरणारी साखर प्यायला देऊन ती लघवीत किती उतरली यावरून आतडं किती झिरपतंय ते बघायचं. त्याचा डायबेटिसशी संबंध नाही.