कागद अडवू नका, हप्ते बांधून द्या

‘बाकी फी भरल्याशिवाय जुनं कॉलेज कागद सोडत नाही’ हे एका लेखातलं वाक्य वाचून पोटात कालवाकालव झाली. वडील आजारी पडले म्हणून मी दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, 38 हजार फी राहिली. सहा वर्षांनी पुन्हा शिकायचं ठरवलं, तर दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कॉलेजच्याच कपाटात! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायला सक्त मनाई आहे. तिची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठवड्यात गुणपत्रिका हातात आल्या. पैसे बुडवायचे नव्हतेच. दोन-दोन हजारांचे हप्ते लिहून दिलेत, अजून चार बाकी आहेत. अर्जाची पोच मात्र घ्याच, तोंडी विनवण्यांत माझं अख्खं वर्ष गेलं.