कौटुंबिक महोत्सवात चित्रपटाचा जीवच काढून घेतला

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात एस.टी.ने दीड तास प्रवास करून मी माझ्या आईला आणि आठ वर्षांच्या भाचीला तालुक्याच्या गावी भरलेल्या ‘कौटुंबिक व प्रेरणादायी’ चित्रपटांच्या महोत्सवाला घेऊन गेलो, आणि तिथून जो संताप घेऊन परतलो तो आठवडा उलटला तरी शमलेला नाही.

पत्रिकेत सकाळी दहाची वेळ छापलेली होती आणि चित्रपट सुरू झाला बारा वाजून वीस मिनिटांनी. मधल्या वेळेत दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, अकरा जणांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि सहा भाषणे झाली, आणि त्यातल्या प्रत्येक भाषणात आजची मुले मोबाईलपायी कशी वाया चालली आहेत हे त्याच मुलांना ऐकवण्यात आले, जी मुले मोबाईल सोडून चित्रपट पाहायला आली होती. कूलर दोनच होते आणि दोन्हींची तोंडे व्यासपीठाकडे होती. आईने तीनदा विचारले, “कव्हय चालू व्हई रे भाऊ?” दुपारच्या जेवणासाठी आणलेली कळण्याची भाकरी आम्ही भाषणे चालू असतानाच खाऊन संपवली.

तरीही एवढ्यावर मी लिहायला बसलो नसतो. आपल्याकडे कार्यक्रम उशिरा सुरू होतात, हे आता अंगवळणी पडले आहे. माझा राग आहे तो पुढे जे घडले त्याचा.

चित्रपट होता ‘श्वास’. कोकणातले एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. मुलाला डोळ्यांचा कर्करोग असल्याचे निघते आणि जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार, पण त्यात त्याची दृष्टी कायमची जाणार, हे त्यांना कळते. आता ही गोष्ट त्या पोराला सांगायची कशी आणि कोणी, या प्रश्नावर सगळा चित्रपट उभा आहे. नेमका तो भाग जवळ आला आणि पडद्यावरचे चित्र थांबले. खाली काळी पट्टी उमटली, तिच्यावरचा पांढरा ठिपका कोणीतरी उजवीकडे ओढला, माणसे क्षणभर विजेसारखी इकडून तिकडे पळाली, आणि चित्रपट पुढे कुठेतरी भलतीकडेच सुरू झाला. निवेदकाने माईकवरून सांगितले की सभागृहात लहान मुले आहेत, त्यांच्या मनावर परिणाम होऊ नये आणि महोत्सवाचा सकारात्मक सूर बिघडू नये म्हणून काही भाग पुढे घेतला आहे. त्यावर पहिल्या रांगेतून टाळ्या पडल्या!

माझी भाची माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “मामा, ते आजोबा त्याला दवाखान्यातून पळवून का नेताय?” मी काय सांगणार होतो? आजोबांनी नातवाला दवाखान्यातून बाहेर नेणे, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून घेणे, हे त्या चित्रपटाचे काळीज आहे. पण मुलाचे काय होणार हेच ज्यांना दाखवले नाही, त्यांच्या नजरेला तो एका म्हाताऱ्याचा आडमुठेपणा वाटला. आईने दोन वाक्यांत सगळे सांगून टाकले, “पोऱ्याले काय व्हयनं, ते तर दखाडंच नही. मंग मी रडू कसाकरता?”

दुःख दाखवले की मुले खचतात, हे या मंडळींना कोणी सांगितले? हे सगळे घडले तेही खान्देशात, ज्या खान्देशातल्या अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी मुलांना शिकवले आणि तिथल्या छात्रालयात त्यांच्यावर आईची माया केली. त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त शेवटी आई मरते. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पुस्तक मुलांना मांडीवर घेऊन वाचून दाखवले, घरेच्या घरे रडली, आणि त्यातून कोणत्याही मुलाचे वाईट झाले नाही. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला १९५४ मध्ये, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हा मान पुन्हा मराठीत आणायला तब्बल पन्नास वर्षे लागली, आणि तो आणला याच ‘श्वास’ने. हे दोन्ही चित्रपट आपल्याकडे सहकुटुंब पाहिले गेले, ते त्यांतल्या दुःखासकट. यांच्या नियमाने चालायचे तर श्यामच्या आईचे शेवटचे आजारपणही पुढे ओढावे लागेल.

मुलांना काय दाखवायचे याची काळजी वाहायला व्यवस्था आहे. सेन्सॉर बोर्डाने २०२४ मध्ये ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन गट केले, ते पालकांना ठरवता यावे म्हणूनच. त्या मुलीची आजी आणि मामा तिच्या दोन्ही बाजूंना बसलेले असताना तो निर्णय लॅपटॉपवर बसलेल्या एका कार्यकर्त्याने परस्पर घ्यावा, याला मी कुटुंबाचा आदर म्हणणार नाही. शिवाय वर्षानुवर्षे खपून एखाद्याने केलेल्या कामातला मधलाच तुकडा असा उडवायचा आणि वर त्याचे कौतुक करून घ्यायचे, हा त्या कलावंतांचा सरळ अपमान आहे. अकरा सत्कारांपैकी एकही सत्कार पुढे ओढावा असे कोणाला वाटले नाही, आणि सहा भाषणांतले एक वाक्यही कोणी वगळले नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी आयोजकांना गाठून हे सांगितले, तेव्हा “भाऊसाहेब, लोक आनंदाने घरी जायला पाहिजेत,” एवढेच उत्तर मिळाले.

परतीच्या एस.टी.त मागच्या बाकावर बसून मी भाचीला तो वगळलेला भाग तोंडी सांगितला, मला जसा आठवत होता तसा. ती रडली, आणि आईही रडली. मग डोळे पुसून तिने विचारले, “मामा, आंधळा व्हायच्या आधी त्यानं काय काय पाहून घेतलं?” हा प्रश्न तिला त्या सभागृहात, पडद्यासमोर पडायला हवा होता.