दम्याचा पंप लिहून देता, घ्यायला कोण शिकवणार?

आज मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक काका. हातात रोटाकॅप्सची डबी. विचारलं, "ह्या पाण्याबरोबरच ना?" काउंटरवरचा मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "हो, जेवणानंतर."

डोकंच सणकलं. अरे, ती गिळायची कॅप्सूल नाही! रोटाहेलरमध्ये, म्हणजे औषध ओढायच्या छोट्या यंत्रात घालायची, फिरवायची आणि आतली पूड तोंडाने जोरात ओढायची. पोटात जाऊन ती दम्याचं काय करणार, कपाळ?

आमच्या आत्याचं असंच. वर्षानुवर्षं पंप आधी फुस्सकन दाबायची आणि मग श्वास घ्यायची. औषध सगळं जिभेवर. वर म्हणायची, "मेल्या पंपाचा काही उपयोग नाही." डॉक्टर डोस वाढवत गेले. पण "मावशी, माझ्यासमोर घेऊन दाखवा बरं," एवढं एकानेही म्हटलं नाही! मान्य, बाहेर रांग असते. पण मिनिटभराचं काम आहे हो.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबता दाबता सावकाश आत ओढा, दहा आकडे होईपर्यंत रोखा. आत्याचा हात आणि श्वास काही जुळेना, म्हणून स्पेसर दिला, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. रोटाहेलर जोरात, पंप सावकाश. हा फरक पेशंटने स्वप्नात बघायचा का?

बरं, घरचेही कमी नाहीत. "सवय लागेल," "स्टेरॉइड असतं त्यात." असतं ना! मायक्रोग्रॅममध्ये. गोळीत मिलिग्रॅममध्ये जातं, ते चालतं. मृग लागला की दम्यासाठी हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळायची तयारी, पण चारचौघांत पंप काढायची लाज. आत्या लग्नात पदराआड घ्यायची बिचारी. आणि रोजचा पंप "लगेच बरं वाटत नाही" म्हणून बंद, नुसता धाप लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपावर भर. निळा धाप थांबवतो, पण श्वासनळ्यांची सूज उतरवतो तो रोजचाच. हे तिला तरी कुणी सांगितलं होतं? तिच्यावर चिडायचो आम्ही, म्हणायचो ऐकतच नाही.

महाग पडतो, हेही खरं. मग तर वाया घालवणं अजूनच परवडत नाही.

ज्यांच्या घरी पंप आहे, त्यांनी आज समोर बसवून घ्यायला लावा. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. जमत नसेल तर डॉक्टरांकडे पंप घेऊनच जा आणि "दाखवा" म्हणून अडून बसा.

कमेंटमध्ये ओव्याची धुरी सुचवणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.