आठ ग्रॅमचं पिल्लू आणि पन्नास किलोची गोणी

आज सकाळी खोक्याचं झाकण उचललं तर अजून तीन पिल्लं मेलेली. बटेराची, म्हणजे अंड्या-मांसासाठी पाळतात त्या लाव्यासारख्या छोट्या पक्ष्याची, साठ आणली होती, आज नववा दिवस, एकोणचाळीस उरलीत. थंडीनं गेली म्हणावं तर बल्ब रात्रंदिवस चालू आहे. खाली भाताचं तूस आहे, पाण्याच्या थाळीत बुडू नयेत म्हणून पोराच्या गोट्या टाकल्यात. ही सगळी खाद्यापायी गेली. आणि हे मला पिल्लं घेताना एकानंही सांगितलं नाही, म्हणून तळपायाची आग मस्तकात गेलीय.

विकताना काय काय ऐकवतात! जागा कमी लागते, पाच आठवड्यांत पक्षी विकायला तयार, सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू. सगळं खरं आहे. पण पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या चोचीत काय घालायचं, हे विचारलं तर पिल्लं देणारा म्हणतो, "काही नाही वहिनी, तांदळाची कणी टाका, कोंबडीसारखंच असतंय." कणी! कणीत प्रथिनं जेमतेम सात-आठ टक्के. या पिल्लाला सुरुवातीला चोवीस-पंचवीस टक्के लागतात, कोंबडीच्या पिल्लापेक्षाही जास्त. रोज पिल्लं विकणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? माहीत असून बोलला नाही, कारण खरं सांगितलं असतं तर मी पिल्लं घेतलीच नसती.

मी चार दिवस विश्वासानं कणी टाकली. पिल्लू केवढं, तर आवळ्याएवढं, वजन आठ ग्रॅम. ते कणीचा दाणा उचलतं, दोनदा आपटतं, गिळता येत नाही म्हणून टाकतं आणि परत तोच उचलतं. दिवसभर हेच. संध्याकाळी पंख पाडून बल्बखाली बसलेलं असतं, हातात घेतलं की छातीचं हाड बोटाला टोचतं. मी ते बघत होते आणि मला वाटत होतं, खातंय की!

मग पाचव्या दिवशी एका जाणत्यानं फोनवर सांगितलं, कणी बंद करा, ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर आणा, म्हणजे मांसाच्या कोंबडीच्या पिल्लांना अगदी सुरुवातीला देतात ते खाद्य. गेले तालुक्याच्या दुकानात. "ताई, गोणी फोडत नाही आम्ही." गोणी पन्नास किलोची, अडीच हजाराच्या घरात. माझी साठच्या साठ पिल्लं जगली असती तरी पहिल्या दोन आठवड्यांत पाच किलोच्या आसपास खाल्लं असतं. उरलेलं पंचेचाळीस किलो काय करू? पावसाळ्यात उघडी गोणी महिनाभर ठेवली की गोळे धरते, बुरशी येते, आणि ते बुरशीचं विष पिल्लाच्या लिव्हरवर जातं. म्हणजे पैसेही गेले आणि पिल्लंही.

दुसऱ्या दुकानात सुटं होतं. मी हरखले. घरी आणून जाणत्याला फोटो पाठवला तर ते अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य निघालं. त्यात चुना भरपूर असतो, अंड्याच्या कवचासाठी. लहान पिल्लाला तो दिला की मूत्रपिंडं जातात. मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं होतं, पिल्लं आठवड्याची आहेत. "चालतंय की," म्हणाला. काय चालतंय? तुझं दुकान चालतंय!

आणि सगळ्यात जास्त कशानं डोकं फिरतं सांगू? आमच्या वाळवा तालुक्यात सोयाबीन काय कमी पिकतं? २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि आम्ही ४,२०० च्या आसपास घातलं, कारण पैसे अडले होते. त्याच सोयाबीनची तेल काढलेली पेंड, तिच्यात पंचेचाळीस टक्के प्रथिनं, ती मला दोन किलो मिळत नाही. मागितली की परत तेच, गोणी घ्या. सासूबाई म्हणाल्या, घरातलंच सोयाबीन भरडून टाक. तेही जमत नाही, कच्च्या सोयाबीननं पिल्लाला खाल्लेलं पचत नाही. पिकवायचं आम्ही, आणि पसाभर पेंडीसाठी दारोदार फिरायचंही आम्हीच.

शेवटी गावातल्या ब्रॉयलरवाल्या भाऊजींनी त्यांच्या गोणीतलं पाच किलो प्री-स्टार्टर दिलं, आणि गाईंसाठी आणलेल्या पोत्यातली सातशे ग्रॅम सोयापेंडही. किलोला दीडशे ग्रॅम पेंड घातली की प्रथिनं पंचविशीला टेकतात. मग मिक्सरमधून काढायचं, रव्याच्या चाळणीनं चाळायचं, वर राहिलेलं परत फिरवायचं. शिवाय एक उकडलेलं अंडं किसून, कुस्करून, आणि तासाभरात उरलेलं उचलून टाकायचं, नाहीतर आंबतं. हे सुरू केल्यापासून पिल्लांच्या अंगात जीव आलाय, थाळीत खाद्य पडलं की धावत येतात. आज गेलेली तीन आधीच खंगलेली होती. पहिल्या दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर खर्च किती आला असता? काही शे रुपये. त्यापायी माझी एकवीस पिल्लं गेली.

जपानी बटेर या देशात १९७४ मध्ये आला. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं त्याच्या जाती काढल्या. पन्नास वर्षं झाली, तरी तालुक्याच्या दुकानात बटेराच्या पिल्लाचं पाच किलोचं पाकीट नाही. प्रशिक्षणाला बसलो तिथेही हिशोब पाचशे पक्ष्यांचा, हजार पक्ष्यांचा. साठ पक्षी घेणारी बाई त्यांच्या कागदावरच नाही. आणि योजनेच्या भाषणात मात्र "अल्पभूधारक महिलांसाठी उत्तम जोडधंदा"!

शेजारचे म्हणतात, पाखरंच ती, किती मनाला लावून घेशील. लावून घेणारच. बचत गटाच्या पैशातून आणलीत, दर महिन्याला हप्ता आहे. गटातल्या अजून चौघी त्याच माणसाकडून पिल्लं घेणार होत्या. काल रात्री चौघींच्या घरी जाऊन सांगून आले, आधी पाचजणींत मिळून एक गोणी घेऊ, ती माझ्या ओट्यावर पत्र्याच्या डब्यात राहील, आणि पिल्लं सगळ्यांची एकाच दिवशी येतील. आणि पिल्लं घेताना त्या माणसाला मीच विचारणार आहे, सगळ्यांसमोर: कणी टाका म्हणून परत सांगणार का?